वरच्या थरातला नमुना

त्या बाईंची चूक नव्हती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल.

आमच्या घराण्यात गेली पाच वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. कोरोनाच्या पहिल्या वर्षी तपासणी केंद्रातल्या बाईंनी माझ्या नाकातला नमुना नीट घेतला नाही, रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह आला, त्या रिपोर्टच्या भरवशावर मी थोरल्या भावाकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलो आणि माझ्यामुळे वहिनी गेली. ही गोष्ट सांगताना सगळे माझ्याकडे दयेने बघतात. बिचारे काका, त्यांना तरी काय माहीत.

मला माहीत होतं. नमुना त्या बाईंनी घेतलाच नव्हता, मी स्वतः घेतला होता, आणि मुद्दाम वाईट घेतला होता. नंतर मी एका साहेबासमोर खोटं बोललो, अर्जावर सही केली आणि त्या बाईंची नोकरी गेली. गोष्ट एवढीच आहे. ती सांगायला मला पाच वर्षं लागली याचा मला जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही.

मी इथे जबलपुरातल्याच एका संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं मालतपासणीत काढली. बाहेरच्या पुरवठादारांकडून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या. प्रत्येक पेटीतून थोडे नग काढायचे, मोजायचे, तपासायचे, मग पेटी पास की नापास ते ठरवायचं. नवीन माणूस आला की मी त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवायचो. वरच्या थरातला नमुना घ्यायचा नाही. वरचा थर पुरवठादाराने तुझ्यासाठी लावलेला असतो. हात घाल, मधला काढ, तळातला काढ. आणि दुसरी गोष्ट, तपासणीच्या चिठ्ठीवर सही त्याचीच, ज्याने नमुना काढला. दुसऱ्याच्या हाताने काढलेल्या नमुन्यावर माझी सही मागायला आलेल्या एका वरिष्ठाला मी तोंडावर नाही म्हटलं होतं. निवृत्तीच्या समारंभात हा किस्सा तीन जणांनी सांगितला. गळ्यात हार, मी मान खाली घालून हसत होतो. आता तो हार आठवला तरी लाज वाटते.

आमच्याकडे महालक्ष्म्या थोरल्याच्या घरी बसतात. विदर्भातून आमचे आजोबा इथे आले तेव्हापासून हा कुळाचार मोडलेला नाही. दादांचं घर मदन महल भागात आहे. भाद्रपदात दोन्ही मुखवटे बाहेर निघतात, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील असा स्वयंपाक होतो आणि सगळे भाऊ एका पंगतीला बसतात. आई लवकर गेली, त्यामुळे मला वहिनीनेच मोठं केलं. कॉलेजात असताना मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर तिने मला भाताची पेज पाजली. सत्तर वर्षांत मी एकदाही महालक्ष्म्यांचं जेवण चुकवलं नव्हतं, याचा मला अभिमान होता. कशाचाही अभिमान बाळगायला माणसाला फार अक्कल लागत नाही.

त्या वर्षी पुतण्याचा फोन आला. त्याची मराठी निम्म्यावर येऊन हिंदीत जाते.

"काका, इस बार रूल बनाया है. रिपोर्ट आणायची, निगेटिव्ह. बिना रिपोर्ट कोई नहीं आएगा. आईचं शुगर आहे ना, इसलिए."

"अरे, मी काय परका आहे का?"

"सबके लिए है, काका. माझ्या सासऱ्यांनासुद्धा सांगितलं."

नियम बरोबर होता. घरात दोन म्हातारी माणसं, त्यात वहिनीला साखरेचा त्रास. मी त्या वेळी घरी एकटाच होतो. बायको मुलीकडे पुण्याला गेली आणि तिकडेच अडकली होती. दोन दिवस माझा घसा खवखवत होता. सकाळी चहात वेलदोडा घातला आणि वास आला नाही. डबा उघडून नाकाशी धरला, तरी नाही. तेव्हा रोज पेपरात हीच लक्षणं छापून येत होती. मी डबा बंद केला आणि स्वतःला सांगितलं, सर्दी आहे. चौतीस वर्षं लोकांच्या पेट्या नापास केलेला माणूस स्वतःची पेटी इतक्या सहज पास करतो.

तपासणी केंद्र एका शाळेच्या व्हरांड्यात होतं. जमिनीवर चुन्याचे गोल आखलेले, एकेका गोलात एकेक माणूस. टेबलाशी पांढऱ्या पोशाखात एक बाई, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या, चष्म्याच्या आत वाफ धरलेली. चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता. माझा नंबर यायला दोन माणसं राहिली तेव्हा त्यांचा हातमोजा फाटला आणि त्या स्वतःशीच बोलल्या, "अगं बाई, हाही गेला का."

जबलपुरात घराबाहेर मराठी कानावर पडलं की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. बाजारात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे हिंदी. मराठी फक्त घरात. त्यामुळे अनोळखी माणूस मराठी निघाला की अर्धं काम झालं असं आम्ही धरून चालतो. मी तेच केलं. आपलेपणा वाटला म्हणून मी मराठीत बोललो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला वाकडं काम करून घ्यायचं होतं, आणि ते मराठीत मागणं सोपं होतं.

"अंकल जी, मुँह ऊपर कीजिए," त्या म्हणाल्या.

"मराठी ना तुम्ही?"

"हो काका." आवाजात लगेच फरक पडला. "मूळ भंडाऱ्याकडची. वर बघा जरा."

"बेटा, थांब. माझा घोळणा फुटतो. लहानपणापासूनचं आहे. काडी आत गेली की रक्त थांबत नाही. मी माझं घेतो."

माझा घोळणा आयुष्यात कधी फुटलेला नाही.

"नाही काका, आम्हालाच घ्यावा लागतो. तसा नियम आहे."

"अगं, चौतीस वर्षं नमुनेच काढले मी कारखान्यात. तपासणीत होतो. तू मला काय शिकवून राहिली?"

त्या हसल्या. पोशाखाच्या आतून खांदे हलले तेवढे दिसले. "मग तर तुम्ही माझे साहेबच झाले."

"साहेब नाही, काकाच. आपल्या माणसाचं थोडं ऐकावं."

त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. रांग पार फाटकापर्यंत गेली होती. "बरं घ्या. पण आत जाऊ द्या, अटकेपर्यंत. दोन्ही नाकपुड्यांत, आणि गोल गोल फिरवा, पाच वेळा. मी बघून राहिली."

त्या बघत होत्या, हे इथे नोंदवायला हवं. त्यांनी कामचुकारपणा केला नाही. पण तेवढ्यात मागे दोन माणसांचं गोलावरून वाजलं. "ये मेरा गोला है," "तेरे बाप का है क्या," असं सुरू झालं, आणि त्या तिकडे वळून म्हणाल्या, "भैया, दूर-दूर, लड़ना है तो भी दूर-दूर." रांगेत हशा पिकला. त्या हशाच्या आडोशाने मी काडी नाकपुडीच्या तोंडाला टेकवली आणि काढली. पानाला चुना लावायला जितका वेळ लागतो तितकाही लागला नाही. दुसऱ्या नाकपुडीला तर काडी लागलीच नाही. काडी नळीत टाकली.

"झालं? लागलं का काका?"

"झालं. डोळ्यांत पाणी आलं बघ."

डोळे कोरडे होते. त्यांनी नळीवर चिकटपट्टी लावली आणि रजिस्टरमध्ये नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःची सही केली. मी ती सही होताना पाहिली. ज्या गोष्टीवरून मी एका वरिष्ठाशी भांडलो होतो, तीच गोष्ट माझ्यासमोर, माझ्यासाठी होत होती. मी "काळजी घे बेटा" म्हणून निघालो.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी तो छापून, घडी घालून खिशात ठेवला आणि दादांच्या दारात पुतण्याच्या हातात दिला, तपासणीची चिठ्ठी द्यावी तसा.

पंगतीत वहिनी माझ्यासमोर वाढायला आली. मास्क हनुवटीवर. "आंबील कशी झाली रे?"

"फार छान. अजून वाढ."

पुतण्याची बायको हसायला लागली. "काका, उसमें तो नमक ही नहीं है. आई भूल गईं."

सगळे हसले. वहिनीने कपाळावर हात मारला आणि माझ्या पानावर चिमूटभर मीठ ठेवत म्हणाली, "याला पहिल्यापासून माझ्या हाताचं काहीही चालतं." ती माझ्यापासून हातभर अंतरावर वाकलेली होती. मी तेव्हा खोकलो. थोडंच.

चौथ्या दिवशी मला ताप आला. सहाव्या दिवशी तिला. मी घरात पडून बरा झालो. ती बाराव्या दिवशी गेली. तिचा चेहरा कुणाला बघायला मिळाला नाही.

पुतण्या रडून झाल्यावर चिडला, आणि चिडायला त्याला माणूस हवा होता. त्याने हिंदीत अर्ज लिहिला. त्यात लिहिलं होतं की संबंधित कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे नमुना घेतल्याने बाधित व्यक्तीस निगेटिव्ह अहवाल मिळाला. सही माझी हवी होती, कारण नमुना माझा. मी म्हणालो, जाऊ दे. तो म्हणाला, "आईसाठी, काका." मी सही केली, आणि खाली सवयीने माझं कारखान्यातलं पदही लिहिलं. त्या पदामुळे अर्जाला वजन आलं.

मग चौकशी झाली. ओमती भागातल्या आरोग्य खात्याच्या एका कार्यालयात बोलावणं आलं. मी आणि पुतण्या एका बाजूला, त्या बाई दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. माझ्या मुलीच्याच वयाच्या. नाकावर चष्म्याचा आणि मास्कचा काळा वळ.

साहेबाने रजिस्टर पुढे ठेवलं. "दस्तखत आपके हैं?"

"जी सर. लेकिन सैंपल अंकल ने खुद लिया था. इन्होंने कहा नकसीर फूटती है. मैंने बताया था कैसे लेना है."

साहेब माझ्याकडे वळला. "क्यों बाबूजी?"

बोलायची जागा हीच होती. पुतण्या माझ्या शेजारी होता. त्याचा सुतकापासून दाढी वाढलेला चेहरा मला दिसत होता.

"नहीं साहब," मी म्हणालो. "इन्होंने ही लिया. बहुत जल्दी में थीं."

पहिलं वाक्य भीतीतून आलं, असं कुणी म्हणेल. दुसरं कशातून आलं? ते मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी स्वतःहून, चवीला घातल्यासारखं घातलं. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच, मराठीत म्हणाल्या, "काका?" एवढंच. साहेबाला वाटलं त्या माझ्या नात्यातल्या आहेत. "आप लोग रिश्तेदार हैं क्या?" मी म्हणालो, नाही.

त्या कंत्राटावर होत्या. कंत्राटी माणसाला काढायला एक कागद पुरतो, आणि मी तो दिला होता.

नंतरच्या वर्षांत माझ्याकडे सबबींची कमी नव्हती. वहिनीला भाजीवाल्याकडूनही लागण झाली असेल, अशी समजूत मला एका ओळखीच्या डॉक्टरने घातली. असेल. मला ती समजूत नको आहे. माझा खोकला भाजीवाल्याने खोकलेला नव्हता. दुसरी सबब जरा शास्त्रीय होती, की स्वतःचा नमुना स्वतः घ्यायची पद्धतच कच्ची. ती सबब माझ्या नातीने मोडली. घरी तपासायची किट औषधाच्या दुकानात मिळायला लागली तेव्हा ती आमच्याकडे आली होती आणि तिला ताप होता. तिचं वय तेव्हा नऊ. तिने माहितीचा कागद मांडीवर उलगडला, आरशासमोर बसली आणि एकेका नाकपुडीत काडी फिरवत मोठ्याने मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. नाक मुरडलं, शिंकली, पण मोजणं सोडलं नाही. दोन रेघा उमटल्या. "आबा, मला झालाय. तुम्ही दुसऱ्या खोलीत जा," असं म्हणून तिने स्वतःच दार लावून घेतलं.

मी दाराबाहेर उभा राहिलो. माहितीचा कागद बाहेरच राहिला होता, तो मी उचलला. नाकाच्या पुढच्या भागातलाही नमुना चालतो, नीट फिरवला तर, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे स्वतः घेतल्याने काही बिघडत नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीला जमलं. घेणारा खोटा नसला म्हणजे झालं.

तरी दर भाद्रपदात पुतण्या पाहुण्यांना ती गोष्ट सांगायचा, "उस औरत ने सैंपल ही ग़लत लिया था," आणि मी पुरणपोळीवर तूप घ्यायचो.

या उन्हाळ्यात बायकोबरोबर बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेलो. तिला साडीला फॉल घ्यायचा होता. कापडाच्या दुकानात गर्दी होती, मी बाजूच्या स्टुलावर बसलो आणि काउंटरच्या पलीकडून आवाज आला. "दीदी, ज़रा दूर-दूर खड़े होइए, सबको दिखाऊँगी." मी आवाज ओळखला. चेहरा नंतर पाहिला. केस पांढरे झाले होते.

बायको रंग जुळवायला दुकानाच्या दारात, उजेडात गेली तेव्हा मी काउंटरशी गेलो. "बाई, ओळखलं का?"

त्या मीटरपट्टीवर कापड मोजत होत्या. मोजणं पूर्ण केलं. "हाँ अंकल. पहचान लिया."

"मी फार मोठी चूक केली."

"जी."

"इथे कशा तुम्ही?"

"लैब में दो बार फॉर्म भरा. दोनों बार पूछा, पिछली जगह से क्यों निकाला." त्यांनी कात्री लावली. "तो यहाँ हूँ."

"मी येतो तिथे. मी सांगतो त्यांना."

"बोलने से क्या होता है अंकल. बोला तो उस दिन मैंने भी था." त्यांनी कापडाची घडी घातली. "लिखके दीजिए. जैसे वो वाला लिखा था."

मी मराठीत बोलत होतो, त्या हिंदीत उत्तरं देत होत्या. पूर्ण वेळ. एक शब्द त्यांनी मराठीत दिला नाही. वाईट वाटून घ्यायचा हक्क मला नव्हता, तरी वाटलं.

लगेच लिहून दिलं असं नाही. उन्हाळा गेला, आषाढ गेला, श्रावण गेला. कधी डोळ्यांना त्रास होता, कधी चांगला कागद नव्हता. अशा माणसाला काय म्हणतात ते वाचणाऱ्याने ठरवावं. भाद्रपद तोंडावर आला तेव्हा कुठे लिहिलं, अर्धं पान, हिंदीत, सरळ. आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी तो कागद खिशात घालून गेलो, त्या वर्षी रिपोर्ट घालून गेलो होतो तसाच.

पंगत बसली. पुतण्याच्या शेजारी त्याचे नवे व्याही. त्याने सुरुवात केली. "वो औरत..."

"थांब," मी म्हणालो. "नमुना तिनं नाही घेतला. मी घेतला."

"काका, आप छोड़िए. क्यों तकलीफ़ कर रहे हैं."

मी कागद काढून वाचायला लागलो. दादांना आता कमी ऐकू येतं. त्यांनी कानाशी हात नेला. "मोठ्यानं वाच."

मग मी ओरडून वाचलं. नकसीर खोटी होती, हे ओरडून. मैंने जानबूझकर, हे ओरडून. पुतण्याची बायको हातात कढीचं भांडं घेऊन उभी राहिली. वाचून झाल्यावर पुतण्या मराठीतच बोलला, पूर्ण मराठीत, जे तो कधी बोलत नाही. "काहून केलं तुम्ही असं? आम्ही रिपोर्टशिवाय नका येऊ म्हटलं होतं ना. काहून?"

"मला यायचं होतं," मी म्हणालो.

दादा पानाकडे बघत होते. आंबिलीची वाटी बाजूला सारून म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तुला आंबिलीची चव कळली नव्हती."

"नाही, दादा."

"ती शेवटपर्यंत दवाखान्यातून फोनवर सांगत होती. त्याला माझी अळणी आंबीलसुद्धा आवडते म्हणून."

त्यांनी डाव्या हाताने कागद मागितला, उजवा खरकटा होता. मुखवट्यांसमोरच्या समईच्या उजेडात धरला, वाचला, मग उठून हात धुतले आणि पेन मागवलं. माझ्या सहीखाली साक्षीदार असं लिहून सही केली. पुतण्याने सही करायला नकार दिला. दादांनी त्याला आग्रह केला नाही. मलाही जेवायला बस म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत, आणि मी फोन करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. गिऱ्हाईकं होती, मी थांबलो. त्यांनी कागद घेतला, काउंटरवर सपाट केला आणि सावकाश, बोट फिरवत वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मी चेहऱ्याकडे बघत होतो आणि काहीतरी मिळेल म्हणून वाट बघत होतो, हेही लिहून ठेवतो. मला त्यांच्या तोंडून काका ऐकायचं होतं.

"इसमें तारीख नहीं है," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. नव्हती. तारीख नसलेल्या चिठ्ठ्या मी आयुष्यभर परत पाठवल्या होत्या. त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू बाजूला सारून पेन दिलं. मी तारीख घातली. त्यांनी ती तपासली, कागद चार पदरी दुमडून पर्समध्ये ठेवला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे बघून म्हणाल्या, "हाँ दीदी, आपको क्या दिखाऊँ?"